डॅम्पचे मूळ गाव

गुप्तहेर म्हणून माझे नाव पुण्यात कोणालाच ठाऊक नाही. या धंद्यात याहून मोठे यश नसते. निवृत्त होईपर्यंत मी पिंपरीच्या एका कारखान्याच्या फाटकावर कामगारांचे डबे तपासले. बंद डब्यात काय आहे हे वासावरून सांगणारा माणूस गुन्हेगारही हुडकू शकतो, असे माझे मत आहे. माझी पत्नी सुहासिनी हिचे तसे मत नव्हते. दिवाळीनंतर ती वारली. आता माझ्या मताला विरोध करणारे कोणी नाही, आणि त्याचा मला काही आनंद नाही.

प्रकरण एप्रिलातले, आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमधले. स्वयंपाकघरात गॅसच्या बरोबर वर मी सुहासिनीचा फोटो लावला आहे. ती हसत असलेला हा एकच. बाकी सगळ्यांत ती 'काढा एकदाचा' असे म्हणताना दिसते. गॅसच्या वर लावण्याचे कारण साधे आहे. कुकरच्या शिट्ट्या ती आतल्या खोलीतून मोजायची आणि ओरडायची, "अहो, तीन झाल्या. बंद करा." बंद करणे एवढेच माझे काम. मला मोजणे जमत नाही, मध्येच विसरतो. ती समोर असली की निदान लाज वाटते.

तर या फोटोमागची भिंत ओली होऊ लागली. काचेआड कागद फुगला. डाग तिच्या हसण्यापासून बोटभर अंतरावर आला. निगेटिव्ह कुठे ठेवली आहे हे फक्त तिलाच माहीत होते. मुलाने भिंत बघायला एक माणूस पाठवला. त्याने भिंतीवर थाप मारली, "डॅम्प आहे, काका," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आरोपीचे नाव तरी मिळाले. माझी पद्धत अशी : आधी नावाचा अर्थ, मग मूळ गाव, मग अटक. खालच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या क्लासमधून जाड कोश आणला. डॅम्प म्हणजे किंचित ओला. एवढे भिंतीनेही सांगितले होते. मूळ गाव दिलेले नव्हते. आरोपी चांगलाच मुरलेला होता.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या उत्तरेश्वरांवर. त्यांची मोरी गळते असे मी त्यांना तोंडावर सांगितले.

ते म्हणाले, "त्या जागी माझं पुस्तकांचं कपाट आहे. त्यातून खाली काही झिरपलं असतं, तर तुम्ही आज इथं आला नसतात." दार लावता लावता म्हणाले, "हल्ली तुमच्या घरातून आवाज येत नाही."

हा माणूस आमचे आवाज ऐकतो, याची मी नोंद घेतली. मग भिंतीतल्या नळावर संशय घेतला. पण त्या भिंतीत नळच नव्हता. पावसावर घेतला, तर ऊन भाजून काढत होते. सुहासिनी रडत असेल, असेही एकदा मनात आले. पण ती रडणाऱ्यातली नव्हती, रडवणाऱ्यातली होती.

रविवारी सून ऋतुजा आली. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करते. गिऱ्हाईक जर्मन, म्हणून कंपनी तिला जर्मन शिकवते. मी कुकर लावला आणि तिच्यापुढे प्रकरण मांडले.

"बाबा, डॅम्प म्हणजे आधी ओल नव्हतीच. वाफ होती. शब्द बहुतेक जर्मनीकडून इंग्लंडात गेला. खाणीतल्या विषारी वायूलाही डॅम्प म्हणायचे. ओलसर हा अर्थ फार नंतरचा. जर्मन लोक वाफेला अजून डाम्फ म्हणतात."

"म्हणजे आरोपी परदेशी," मी म्हणालो. "त्याला सदाशिव पेठेत जागा कोणी दिली?"

तेवढ्यात शिट्टी झाली. वाफेचा लोट सरळ फोटोवर गेला. ऋतुजाने कुकर पाहिला, फोटो पाहिला, बंद खिडकी पाहिली. मीही पाहिले, पण छताकडे, उत्तरेश्वरांच्या दिशेने.

"बाबा, आई कुकर लावण्याआधी खिडकी उघडायच्या ना?"

खिडकी मीच बंद ठेवत होतो. तिच्या हातच्या मसाल्याचा वास ओट्याशी अजून होता. तो बाहेर जाऊ नये म्हणून.

ऋतुजाने खिडकी उघडली, फोटो चौकटीतून काढून पंख्याखाली वाळवला आणि बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीसमोर लावला. हसणे वाचले.

दुसऱ्या दिवशी कुकर लावून मी सुहासिनीसमोर पेपर वाचत बसलो आणि नेहमीप्रमाणे मोजणे विसरलो. उघड्या खिडकीतून वरून उत्तरेश्वरांचा कोरडा आवाज आला.

"अहो गुप्तहेर, तीन झाल्या. बंद करा."

मी उठून गॅस बंद केला. खिडकी उघडीच ठेवली.