राजाचा हट्ट वगळण्याबाबत

नाट्यसंहिता तपासणी कार्यालयाने ती शोकांतिका अकरा शेऱ्यांसह परत केली. पहिला शेरा असा होता : 'राजाचा मृत्यू टाळता येण्याजोगा दिसतो. तरी तो टाळून संहिता फेरसादर करावी.'

नाटककार तडक कार्यालयात गेला.

"साहेब, राजा हट्टी आहे. महालाची तुळई तडकलीय असं सुतार तीनदा सांगतो. राजा ऐकत नाही, आणि शेवटी तीच त्याच्या अंगावर पडते. हट्ट काढला तर नाटकात उरणार काय?"

"शांतता उरेल," तपासनीस म्हणाले. "आणि तीनदा सांगूनही न ऐकणारा माणूस तुम्ही कुठं पाहिलात? अगदीच अवास्तव."

तेवढ्यात नाट्यगृहाचा सुतार आत डोकावला. "साहेब, रंगमंचावरची तुळई तडकलीय."

"अर्ज तीन प्रतींत आणा. हं, तर मी म्हणत होतो, अवास्तव."

नाटककाराने संहिता काखेत मारली असती आणि घर गाठलं असतं; पण प्रश्न त्याच्या मामांचा होता. मामांनी तीस वर्षं रंगमंचावर दारात भाला धरून काढली होती. वाक्य एकच : 'महाराज, दूत आला आहे.' आता कुठे राजाची भूमिका मिळाली होती. भाच्याने शेऱ्याचं आणि रंगमंचावरच्या तुळईचं सांगून पाहिलं.

"तीस वर्षं थांबलोय," मामा उखडले. "आता एका लाकडासाठी थांबू? मरण काढलं तर काढलं. मुकुट तर राहील ना?"

भाच्याने निमूटपणे राजाला समंजस केलं. नव्या संहितेत राजा पहिल्याच इशाऱ्याला ऐकतो, समिती नेमतो आणि सुताराला पदक देतो. 'प्रकार' या रकान्यात तपासनिसांनी स्वहस्ते लिहिलं : 'शोकांतिका, शोक वगळून.' त्याच दिवशी सुतार तिन्ही प्रती घेऊन आला. दुसऱ्या प्रतीवरची सही पुसट असल्यामुळे, कार्यालयाच्या दृष्टीने तुळई अद्याप तडकलेली नव्हती.

पहिल्या प्रयोगाला तपासनीस पहिल्या रांगेत होते. तिसरा अंक सुरू असताना सुतार वाकून त्यांच्या कानाशी आला. "साहेब, पडदा पाडा. वरून भुसा गळतोय."

"अहो, गप्प बसा! राजा सुताराचं ऐकतोय, तेवढं तरी ऐकू द्या."

मामांनी हात उंचावला. "सुताराचा शब्द प्रमाण! तुळई आजच बदला!"

तुळई पडली. मामा "मेलो!" म्हणून ओरडले.

चौकशी रीतसर झाली. मंजूर संहितेत मृत्यू नसताना नट परस्पर मेला, असा ठपका मामांवर ठेवण्यात आला. प्रेक्षकांपैकी एकाचीही तक्रार नव्हती, हेही अहवालात आहे.

तक्रार तरी कशी असेल? तुम्ही तिथंच होतात. उभं राहून टाळ्या पिटल्यात, त्या 'मेलो!'ला वन्स मोर दिलात. मामा पुन्हा ओरडले नाहीत, तेव्हा "एका टाळीत नट माजला" असं म्हणालात आणि घरी गेलात.