पंक्चर काढायला रोह्याला

माझा हात आज सरळ चालतो तो टिपणीस सरांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, माणूस चक्रम आहे. आहेच. पण हात त्यांनी सरळ केला, एवढं ध्यानात ठेवून पुढं वाचा.

पेणच्या रस्त्यात सर कुणालाही थांबवतात आणि एकच प्रश्न विचारतात. "समज, तू एका खोलीत बसलायस. समोर बटणं. भिंतीपलीकडे एक माणूस खुर्चीला बांधलेला. त्याचं उत्तर चुकलं की तू बटण दाबायचं, त्याला विजेचा झटका बसणार. दर चुकीला झटका मोठा. तो ओरडतोय, सोडा म्हणतोय. आणि तुझ्याजवळ बसलेला कोटवाला साहेब शांतपणे म्हणतोय, चालू ठेवा. तू दाबशील का?"

एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "सर, आधी आत सरका."

मासळीवाली चंद्रीमावशी कोयत्यावर बोंबील ठेवून विचारात पडली. "सांग गो, दाबशील का?" सरांनी पुन्हा विचारलं. "मी नाय बा दाबायची. पन माज्या दादल्याला बसवा खुर्चीत, मंग बगू."

गल्लीतला पुढारी म्हणाला, "असली कामं आम्ही स्वतः करत नाय सर. कार्यकर्ते हायेत ना."

बाकी सगळे नाही म्हणतात. सर खिशातल्या वहीत 'नाही' लिहून घेतात आणि मान हलवत पुढं जातात. "सगळं पेण संतांचं आहे," म्हणतात. "तिकडे अमेरिकेत हा प्रयोग झाला तेव्हा मात्र निम्म्याहून जास्त लोकांनी शेवटपर्यंत दाबलं होतं."

सरांची दुसरी तऱ्हा म्हणजे सायकल. पेणमध्ये पंक्चर काढणारे पावलागणिक आहेत. सर मात्र महिन्यातून एकदा सायकल एस.टी.च्या टपावर चढवतात आणि पंक्चर काढायला रोह्याला नेतात. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "तिकडचं सोल्युशन चांगलं असतं." स्टँडवरचे हमाल त्यांना लांबून पाहूनच हसायला लागतात.

मी मूळचा गंगाखेडकडचा. सातवीत शाळा सोडली. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं रंगवायचो, त्या जोरावर एका ट्रक ड्रायव्हरनं मला पेणला आणून गणपतीच्या कारखान्यात सोडलं. तेव्हा मी तेविशीत होतो. राहायला जागा मिळेना. सरांनी मागची खोली दिली. रोह्याच्या अध्यापक विद्यालयात त्यांनी मास्तर होणाऱ्या पोरांना मानसशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि पेणला येऊन एकटेच राहिले. लग्न केलेलं नाही.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाच-सहा गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो आहेत, पुस्तकांतून कापून फ्रेम केलेले. आल्या दिवशी मी ते सरांचे वाडवडील समजून ओळीनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "कर, कर. घरचेच आहेत. हे आमचे कुत्रेवाले. हे कबुतरवाले. हे माकडवाले."

मग रोज चहाला एकेकाची गोष्ट. कुत्रेवाल्यांनी खाणं देण्याआधी ठरावीक आवाज करायची सवय लावली, पुढं नुसत्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. म्हटलं ठीक आहे. कबुतरवाल्यांनी दाणे देऊन देऊन कबुतरांना टेबलावर चेंडू खेळायला शिकवलं. म्हटलं, रिकामा वेळ असेल. पण एकानं रांगत्या बाळाजवळ पांढरा उंदीर सोडला, आणि बाळ हात लावायला गेलं की मागं लोखंडावर हातोडा हाणला. पुन्हा पुन्हा हाणला. पुढं ते बाळ पांढरा ससा बघूनसुद्धा रडायला लागलं. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"आणि त्याची आई काय करत होती, सर?"

सर चष्मा काढून पुसत बसले. "पुस्तकात दिलेलं नाही."

माकडवाल्यांनी तर पिल्लांना आईपासून तोडलं. एक तारेची आई ठेवली, तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, बिनदुधाची. पिल्लं दूध पिण्यापुरती तारेकडं जायची आणि दिवसभर कापडाला बिलगून बसायची. मी हबकलोच. हे कळायला पिल्लं तोडावी लागतात? माझ्या आईला एक कार्ड टाकलं असतं तरी तिनं कळवलं असतं. शिकलेली माणसं असं वागतात म्हटल्यावर सातवी सोडल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात माझंच संकट आलं. आमच्याकडं मूर्तीच्या डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. ती ज्याच्या हातात, तो कारखान्यात टिकला. मालकांनी, म्हणजे नानांनी, मला एक मोठी मूर्ती दिली. भीतीनं ब्रश सटकला आणि बुबुळ कोपऱ्यात गेलं. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, हा गणपती शेजाऱ्याच्या घरात काय बघतोय?" सगळा कारखाना हसला. त्या दिवसापासून ब्रश धरला की माझा हात थरथरायला लागला. चहाचा कप धरताना नाही, जेवताना नाही, फक्त ब्रश धरताना. नानांनी सांगून टाकलं, "नारळी पुनवेपर्यंत बघतो. नायतर तुझी गाडी पकड." आणि गावाकडं तर मी आईला कळवून बसलो होतो की तुझा पोरगा देवाला डोळे देतो.

मी पडवीत डोकं धरून बसलो होतो. सरांनी नेमका तेव्हाच तो बटणाचा प्रश्न विचारला. मी वैतागून खरं बोललो.

"दाबलं असतं, सर."

"काय?"

"साहेब जवळ बसलाय म्हटल्यावर दाबलंच असतं. घाबरत घाबरत, पण दाबलं असतं. कामावरनं काढतील म्हणून."

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात. सरांनी वही काढली, उघडली, काहीच न लिहिता मिटली. मग माझा उजवा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ज्ञानबा, उद्या सकाळी सहाला पडवीत ये. काजळाची डबी आण."

दुसऱ्या दिवशी पडवीत सायकल, सायकलशेजारी स्टूल, स्टुलावर दुधी भोपळा. मी दुधीवर काजळानं डोळे काढायचे. हात क्षणभर जरी स्थिर राहिला तरी सर सायकलची घंटी वाजवायचे आणि माझ्या तोंडात नारळाची वडी घालायचे. "कुत्रेवाल्यांची घंटी, कबुतरवाल्यांचे दाणे," सर म्हणाले. "दोघांचं आपसात पटलं नसतं, पण आपल्याला काय." पहिल्या आठवड्यात वडी क्वचितच मिळाली. दुसऱ्या आठवड्यात पोटात जंत होतील इतक्या मिळाल्या. दुपारी दुधीची भाजी. सोललेल्या सालीवरचे डोळे कचऱ्याच्या डब्यातून माझ्याकडं बघायचे. चंद्रीमावशीनं एकदा ते पाहिले आणि आठवडाभर आमच्या दारावरनं जाताना पदर डोक्यावर घेतला.

हात थांबला. पण घंटी वाजली तरच. हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं ते नारळी पौर्णिमेच्या सकाळी. मी म्हटलं, "सर, कारखान्यात घंटी कुठून आणू?" सर म्हणाले, "तू हो पुढे."

नानांनी मूर्ती पुढ्यात ठेवली. "बस. काढ डोला." सगळे कामं टाकून बघायला जमले. मी ब्रश उचलला आणि हात लागला नाचायला. तोच बाहेर रस्त्यावरनं आवाज आला, ट्रिंग ट्रिंग. माझ्या तोंडात नारळाची चव आली. हात थांबला.

बाहेर सर सायकल धरून भर रस्त्यात उभे होते आणि घंटी वाजवत होते. लोक बाजूला सरकून त्यांना वाट देत होते. सर जाईनात. मूर्ती नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं टेम्पो मागं घेतला आणि ओरडला, "अवो सर, रस्ता मोकला हाय, जावा की!" सर उत्तर देईनात, घंटी थांबवीनात. मागं दोन एस.टी. अडकल्या.

"भायेर कोन मेला बोंबलतोय?" असं म्हणत नाना वळले आणि मूर्तीकडं पाहून तिथंच थांबले. ते दोन पावलं डावीकडं गेले. मग उजवीकडं गेले. "जाशील तिथं बघतोय रे!" म्हणाले. मग कारागिरांवर खेकसले, "काय बगता? कामाला लागा. याला खुर्ची द्या."

संध्याकाळी मी सरांच्या पाया पडायला गेलो. ते म्हणाले, "पाया नको पडूस. उद्या रोह्याला चल. गुडघा दुखतोय, सायकल टपावर चढवायला माणूस पाहिजे."

सकाळी मी सायकल घ्यायला पडवीत गेलो. सर मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी कॉलरच्या आतून एक टाचणी काढली, टायरवरची एक ठरावीक खाच बोटानं शोधली आणि टाचणी आत दाबली. हवा सुस्कारत बाहेर पडली. मी दारातच थिजलो. सरांनी वळून पाहिलं, टाचणी परत कॉलरला लावली. "चल, एस.टी. चुकेल."

नागोठणं मागं पडलं. मग सर खिडकीकडं तोंड करून सांगायला लागले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी सर खांब गावाकडच्या एका शाळेत होते. पाचवीत एक मुलगा होता, बोलताना अडखळायचा. तपासणीला साहेब येणार होते. हेडमास्तर म्हणाले, त्याला रोज उभा करून वाचून घ्या, अडखळला की हातावर पट्टी. सरांनी सुरू केलं. पट्ट्या वाढत गेल्या तसा तो जास्तच अडखळायला लागला. एक दिवस तो म्हणाला, सर, पुरे. सरांनी दाराकडं पाहिलं. हेडमास्तर दारात उभे होते. म्हणाले, चालू ठेवा, जबाबदारी माझी.

"मी थांबलो नाही, ज्ञानबा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर कधीच शाळेत आला नाही." एस.टी. खड्ड्यातून गेली तेव्हा सरांनी समोरची दांडी घट्ट धरली. "पुढे रोह्याला शिकवताना नव्या पुस्तकात तो बटणाचा प्रयोग आला. वर्गासमोर वाचता वाचता माझा आवाज बसला. पोरांना वाटलं, सर्दी झालीय. तिथे झटका खोटा होता रे. ओरडणारा माणूस नाटक करत होता. माझी पट्टी खरी होती."

हे सर आणि ती पट्टी एका माणसात मला बसवता येईनात.

रोह्याला नदीच्या अलीकडं एक सायकलचं दुकान आहे. पन्नाशीकडं आलेला माणूस, केस पांढरे. सरांनी सायकल दिली आणि एक शब्द न बोलता समोरच्या बाकावर बसले. त्या माणसानं चाक खोललं, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. सर त्याच्या हातांकडं बघत होते. दरवेळी असंच होतं म्हणे. बघायचं, मान हलवायची आणि परतीची एस.टी. धरायची. थोड्या वेळानं सर चहा सांगायला उठले. तीन चहा.

ते लांब गेल्यावर माणूस माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"स-सरांचा क-कोन तू?"

"भाडेकरू. त्यांनीच माझा हात बरा केला."

त्यानं ट्यूब वर धरली. एकाच जागी ठिगळावर ठिगळ होतं. "टा-टाचणी ते सोता मारतात. म-मला ठावं हाय. प-पयल्याच दिवशी व-वळखलं त्यांना."

"मग बोलत का नाही?"

तो हसला. "ब-बोललो तर यायचे ब-बंद होतील. येऊ दे. त्यांना स-सांगू नको." आणि ठिगळाच्या जागी कानस घासायला लागला.

सर चहा घेऊन आले. चाक बसलं. त्या माणसानं चाचपणीला घंटी वाजवली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

सरांचं हे ऋण मी फेडणार आहे. त्यांना काही द्यायला गेलो तर ते घेणार नाहीत. पण त्यांचा गुडघा आता वाकेनासा झालाय, एक दिवस एस.टी.ची पायरीही त्यांना चढवणार नाही. त्या दिवसापासून सायकल रोह्याला मी नेईन. टाचणी मी मारीन, अगदी त्याच जागी. आणि परत आल्यावर पडवीत बसून सरांना त्या माणसानं चाक कसं खोललं, काय केलं, ते सगळं सांगेन.