कूलरचं तोंड

हमीदचाचा माणसांना अरे-तुरे करतात आणि मशीनला अहो-जाहो. अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. नगरसेवक जरी आला तरी त्याला "काय बे, कावून आला?" आणि त्याच्या हातातल्या मिक्सरला मात्र "या बाई, काय दुखते तुमाले?"

मशीनबद्दल खोटं बोललेलं त्यांना चालत नाही. "आपोआप बंद पडला," असं कुणी म्हटलं की चाचा पंखा परत त्याच्या हातात देतात. "घरी जाय. काय केलं ते आठव. मंग ये."

अशा या माणसाच्या घरी टीव्हीखाली गेमचं एक काळं मशीन आहे, आणि साठी उलटलेले चाचा त्यावर फुटबॉल खेळतात. मशीन त्यांच्या एकुलत्या मुलीचं, नसरीनचं. चाची गेल्यावर चाचा तिला म्हणाले, अकोल्यातच नोकरी पाहा. ती पुण्याला गेली. तेव्हापासून दोघांचा अबोला. आधी फोन कुणी करायचा, यातच वर्ष गेलं. मग एका रविवारी चार वाजता पडद्यावर तिच्या नावानं खेळायचं बोलावणं आलं. चाचांनी कुठलं बटण दाबलं कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांनी नऊ गोल खाल्ले. तेव्हापासून दर रविवारी चारला एक सामना. ती पुण्यातून तिच्या नव्या मशीनवर, हे इथून जुन्यावर. माईक लावायचा नाही, शब्द बोलायचा नाही. चाचा त्यासाठी इस्त्रीचा कुर्ता घालतात.

"चाचा, तिला कुठे दिसतो तुमचा कुर्ता?" मी एकदा विचारलं.

"मले दिसते ना बे."

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मशीननं सांगितलं की नवं सॉफ्टवेअर चढतंय, संपेपर्यंत बंद करू नका. चाचा नमाजाला निघाले होते. त्यांनी मला राखणीला बसवलं. "नुसता बस. हात लावू नको त्याईले."

मी पंधरा मिनिटं नुसता बसलो. हा माझ्या आयुष्यातला विक्रम आहे. मग मशीनवर तळहात ठेवून पाहिला, तर तवा. आता आमच्याकडे कुणी उन्हातून आलं की पाण्याआधी कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवतात. मीही संस्कारी घरातला. कूलर ओढला, तोंड मशीनकडे केलं, पिन मशीनच्याच बोर्डात खुपसली आणि बटण दाबलं. कूलरनं एकदा घुर्र केलं, बोर्डाचा फ्यूज उडाला आणि बासष्ट टक्क्यांवर सगळं काळंठिक्कर पडलं.

चाचा परतले. "काय झालं?"

"आपोआप बंद पडलं."

"असं? कूलरचं तोंडबी आपोआपच फिरलं का?"

चाचांनी फ्यूज बांधला. मशीन जागं झालं ते एवढंच सांगायला, की सॉफ्टवेअर अर्धवट आहे, मी चालू होणार नाही. अडीच वाजले होते.

"चार वाजता पोरगी येईन अन् मी नाही दिसलो, तं तिले वाटीन बाप पुन्हा रुसला," चाचा म्हणाले.

"मग फोन करून सांगा ना."

"आधी मी नाही करत."

मी घरून लॅपटॉप आणला. नेटवर उपाय सापडला : फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची आणि मशीनला लावायची. भाचीच्या लग्नाची गाणी पुसून मी फाइल घेतली. मशीन म्हणे, फाइल सापडत नाही. सापडणार कशी? सांगितलेल्या नावाचं फोल्डर करायचं सोडून मी ती 'चाचा अर्जंट' नावाच्या फोल्डरात टाकली होती. ते निस्तरेपर्यंत साडेतीन झाले. मग खेळायचा रिमोट वायरनं जोडला, मशीनचं बटण दुसऱ्यांदा बीप वाजेपर्यंत दाबून धरलं, तेव्हा एक यादी उघडली. त्यातला शेवटचा पर्याय मला फार आवडला : सगळं पुसून नव्यानं सुरुवात. माझं बोट तिकडे निघालं तसं चाचांनी मनगट धरलं.

"पुसाचं नाही. तिचं नाव हाये त्यात."

मग न पुसणारा, संथ पर्याय. "चढा बाई, सावकाश चढा," चाचा मशीनला म्हणाले आणि कुर्ता बदलायला गेले.

चार वाजले तेव्हा पट्टी चाळीस टक्क्यांवर होती. चाचा रिमोट मांडीवर घेऊन बसले होते. मी मुकाट्यानं कूलरचं तोंड भिंतीकडे केलं.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. चाचांच्या फोनचा आवाज गल्लीला ऐकू जातो.

"अब्बा? आए नहीं आप. तबीयत तो ठीक है ना?"

"मैं ठीक हूं. मशीन बीमार है." माझ्याकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "पड़ोस के एक अक्कलमंद ने उसको कूलर लगा दिया."

तिकडून हसू आलं. बराच वेळ आलं. चाचा पाठमोरे झाले.

थोड्या वेळानं मशीन सुरू झालं, पडद्यावर नसरीनचं बोलावणं चमकलं. मी हातवारे केले. माशी हाकलावी तसं चाचांनी मला हाकललं. ते तिला कुकरची रिंग कशी बसवायची ते समजावत होते. मी निघालो तेव्हा गाडी मिक्सरच्या भांड्यावर आली होती.

पुढच्या रविवारी तीन वाजता मला चाचांचा फोन.

"काय करून राहिला बे?"

"काही नाही, चाचा."

"मंग ये ना. मशीन लय तापून राहिल्या आज. कूलर लावून दे त्याईले. अन् पिन त्याच बोर्डात घाल."