लोबोपाशी, चार वाजता

बसमध्ये खुर्च्या चोवीस होत्या आणि माणसं तेवीस: सोळा बायका, सात पुरुष. येर्बाच्या कडू चहाचे थर्मास एकोणीस, काठ्या पाच. रिकामी खुर्ची होती ती फाउस्तीनोकाकांच्या शेजारची. तिच्यावर त्यांचा थर्मास बसला होता, पट्टा लावून. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे त्यांची बायको बसायची.

तांदीलच्या पेन्शनर मंडळाची ही सहल मार देल प्लाताला आली होती, आणि वाटाड्या म्हणून बरोबर होती नारिंगी जाकिटातली रोमिना. तिच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. पहिल्याच आठवड्यात तिने एका गृहस्थांना बंदरावर विसरून बस हलवली होती. ते खरे समुद्रसिंह बघण्यात दंग होते, ही सबब मालकांनी ऐकून घेतली नव्हती. बस चालवणारे इतुर्बे हेच मालक. ते म्हणाले होते, "आणखी एक माणूस हरवलास, की जाकीट काढून ठेवायचं आणि घरी जायचं."

म्हणून रोमिनाने सकाळपासून सगळ्यांना कोंबडीच्या पिलांसारखं जपलं. किनाऱ्यावरचा मनोरा झाला, बंदर झालं, आणि जेवणानंतर ती सगळ्यांना रांब्लावर, समुद्रालगतच्या फरसबंद वाटेवर, घेऊन आली. "तासभर मोकळे फिरा. चार वाजता लोबोपाशी यायचं," तिने बजावलं.

लोबो म्हणजे रांब्लाच्या पायऱ्यांशी बसलेला दगडी समुद्रसिंह. या गावात सगळे लोबोपाशीच भेटतात. लग्न ठरवायला आणि मोडायलासुद्धा.

चार वाजता लोबोपाशी बावीस जण होते.

"फाउस्तीनोकाका कुठे आहेत?"

"फोटो काढून घेतो म्हणाला," ओफेलियाबाई म्हणाल्या. या मंडळाच्या अध्यक्ष. "बायकोबरोबर लग्नानंतर इथेच फोटो काढला होता ना त्यानं."

"त्यांना फोन लावा."

"फोन? तो वापरतो होय! तांदीलमध्ये त्याला कुणाशी बोलायचं झालं, तर तो खिडकी उघडतो."

"तुम्ही इथून हलायचं नाही. कुणीही!" असं सांगून रोमिना वाळूकडे धावली.

जानेवारीतला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातला रविवार होता. किनाऱ्यावर छत्रीला छत्री लागली होती. वाळू दिसायची ती फक्त लोकांच्या पायांना चिकटलेली. रोमिनाने दहा हाका मारल्या, पण लाटांपुढे तिचा आवाज पोचेना. शेवटी तिने तळलेले गोड चुरो विकणाऱ्या तुचोला गाठलं. तुचो सहा फुटांचा होता आणि त्याचा टोपला दोन फुटांचा.

"माझा माणूस हरवलाय, तुचो."

"लहान आहे?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत."

"मग टाळ्या वाजवू या."

"अरे, टाळ्या पोर सापडल्यावर वाजवतात! सापडलेलं पोर खांद्यावर घ्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि आवाज ऐकून आईनं धावत यायचं. इथे आजोबा सापडलेच नाहीत. खांद्यावर कुणाला घेणार?"

तुचोने डोकं खाजवलं. "हे बघ, एकटं कोण आहे? रडायला कोण आलंय? आणि ज्याला शोधायचंय तो समोर नाही. म्हणजे हरवलेलं पोर तूच."

हा युक्तिवाद तपासून बघायला रोमिनाला वेळ मिळाला नाही. तुचोने टोपला खाली ठेवला आणि तिला उचलून खांद्यावर बसवलं.

पहिल्या टाळ्या शेजारच्या छत्रीतून आल्या. मग त्या पुढच्या छत्रीत गेल्या, आणि बघता बघता सगळा किनारा ठेक्यात टाळ्या वाजवू लागला.

"एवढी घोडी हरवली? आई काय झोपली होती का?"

"झोपली असेल बिचारी, हिला वाढवून दमली असेल!"

आपापली पोरं शोधणाऱ्या तीन आया धावत आल्या. त्यांतल्या एकीने रोमिनाला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नाही, ही माझी नव्हे." एका आजींनी तिच्या हातात जर्दाळू ठेवला. "खा गं. येतील तुझे आईबाप."

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "अहो, थांबा! ती आमची आहे!"

फाउस्तीनोकाका काठी उंचावत येत होते. त्यांच्या मागे, त्यांचा थर्मास छातीशी धरून, जांभळ्या टोपीतल्या एक बाई.

"कुठे गेली होतीस गं पोरी?" काका धापा टाकत म्हणाले. "मी केव्हाचा लोबोपाशी उभा आहे! या बाईंनी माझा फोटोसुद्धा काढून दिला, तरी तुमचा पत्ता नाही!"

"कुठल्या लोबोपाशी?"

काकांनी काठीने दाखवलं. पायऱ्यांच्या पलीकडच्या अंगाला दुसरा दगडी समुद्रसिंह बसला होता, पहिल्यासारखाच हुबेहूब. लोबो दोन आहेत, हे या गावात कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला त्याला आपलाच खरा वाटतो.

"दोन आहेत, हे सांगायचं नाही का!" काका चिडले. "आमच्या तांदीलला एकच नावाजलेला डोलणारा दगड होता, तोही पडला. आम्हाला काय माहीत तुमची श्रीमंती!"

रोमिना हसणार, तोच समोरून बावीस जण येताना दिसले. सगळ्यांत पुढे ओफेलियाबाई. "आपली पोरगी हरवली रे! ती बघा तिकडे, खांद्यावर!"

"मी हलायचं नाही म्हणाले होते!"

"हरवलेल्यांचं कुणी ऐकतं का?"

आणि त्यांच्या मागून, लालबुंद चेहऱ्याने, इतुर्बे. बसपाशी कुणी आलं नाही म्हणून ते लोबोपाशी गेले होते, आणि तिथे लोबो एकटाच होता.

"हे काय चाललंय?" ते ओरडले. "ही माझी मुलगी..." माझ्याकडे कामाला असलेली मुलगी, असं त्यांना म्हणायचं होतं. पण किनाऱ्याला तेवढंच पुरेसं होतं.

"आला! बाप आला!"

"लाज नाही वाटत? पोरीला एकटं सोडून कुठे गेला होतात?"

"कॅसिनोत असणार, दुसरं काय!"

"बघा कशी घाबरलीय ती. जवळ घ्या तिला!"

इतुर्बेंनी आजूबाजूला पाहिलं. दोनेक हजार माणसं हात कमरेवर ठेवून वाट बघत होती. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. तुचोने रोमिनाला खाली उतरवलं आणि तिचा हात त्यांच्या हातात दिला.

"पुन्हा सोडणार नाही म्हणा!" जर्दाळूवाल्या आजींनी दरडावलं.

"नाही सोडणार," इतुर्बे पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"नाही सोडणार!"

किनाऱ्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

बसपर्यंत ते रोमिनाचा हात धरूनच चालले, कारण आजी पायऱ्यांवरून बघत होत्या. दारात पोचल्यावर त्यांनी हात सोडला आणि घसा साफ केला. "उद्या आठला ये. जाकीट धुऊन आण, चुरोचं तेल लागलंय." मग चाकामागे बसत म्हणाले, "मोज."

रोमिना मोजायला लागली. किनाऱ्यावरून परत टाळ्यांचा ठेका ऐकू येत होता. तिने खिडकीतून पाहिलं, तर तुचोच्या खांद्यावर हिरव्या जाकिटातला कुणी दुसऱ्याच कंपनीचा वाटाड्या बसला होता आणि चौफेर बघत होता.

ती मागच्या रांगेपर्यंत गेली. फाउस्तीनोकाकांचा थर्मास आता त्यांच्या मांडीवर होता. शेजारी जांभळी टोपी पट्टा लावत होती.

खुर्च्या चोवीस. माणसं चोवीस.