हळर्णकर पोच घेतल्याशिवाय हलत नाहीत

हळर्णकरांनी तुम्हाला काही सांगितलं, की तुम्ही 'पोचलं' म्हणायचं. 'बरं', 'हो', 'बघू', नुसती मान हलवणं, यातलं काहीही चालत नाही. तुम्ही 'पोचलं' म्हणेपर्यंत ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहतात. एकदा आमचे मॅनेजर कामतसाहेब फोनवर बोलत होते. हळर्णकर दारातून म्हणाले, "साहेब, दुपारी सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवतोय." साहेबांनी हातानेच 'जा' अशी खूण केली. हळर्णकर तिथेच. साहेबांचा फोन संपला, दुसरा आला, चहा आला, चहा निवला. शेवटी साहेब ओरडले, "पोचलं हो, पोचलं!" तेव्हा कुठे दार मोकळं झालं.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधांची खोकी बनवणारी कंपनी आहे. मी तिथे ऑफिस सांभाळते आणि हळर्णकर कॉम्प्युटर सांभाळतात. मला याद्या करायची सवय. झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला घरी जाववत नाही. त्यामुळे आमचं दोघांचं जमतं. बाकीचे त्यांना टाळतात, निदान घाईत असताना तरी.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे निरोप कुणाच्या हाती धाडायचा नाही. "उद्या मला ताक नको," एवढं सांगायला ते भर पावसात छत्री उघडून कँटीनपर्यंत जातात. शिपाई तिकडेच निघालेला असला तरी. मी एकदा म्हटलं, "अहो, तो जातोच आहे ना?"

"जातोय गो बाई. माणूस वाईट नाही तो," ते म्हणाले. "पण माणसाला खिसा असतो."

याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. मुलीच्या लग्नाची आमंत्रणं त्यांनी पेडणे ते फोंडा स्वतः स्कूटरवरून फिरून केली आणि प्रत्येक घरी उंबऱ्यात उभं राहून 'पोचलं' वदवून घेतलं. एका घरी म्हाताऱ्या आजींना ऐकू येत नव्हतं. तिथे त्यांना जेवून निघावं लागलं.

तिसरी गोष्ट उंड्यांची. सकाळी पोदेर, म्हणजे आमच्याकडचा पाववाला, कँटीनमध्ये या गोल पावांची टोपली ठेवून जातो. गोदामातल्या प्रभाकरला सगळे उंडे आधीच ताटात घेऊन बसायची खोड आहे. हळर्णकरांना ते बघवत नाही. "एक खा, मग दुसरा घे रे! पळून जातात काय ते?"

"मागून मिळाले नाहीत तर?" प्रभाकर म्हणतो.

"तुझ्यामुळेच मिळत नाहीत लोकांना!"

हे भांडण रोजचंच, त्यामुळे कुणी लक्ष देत नसे. गणेशचवथीच्या आधीच्या आठवड्यात मात्र याच उंड्यांनी आमच्या सविताची नोकरी वाचवली.

सविता बेळगावकडची. नवीन आलेली, आणि त्या महिन्याअखेर तिला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ती कॉम्प्युटरवर भरते. भरलेली प्रत्येक ऑर्डर एका रांगेत जाऊन पडते. गोदामात दोन प्रोग्रॅम आहेत. ते रांगेतून ऑर्डर उचलतात, तिची चिठ्ठी छापतात आणि चिठ्ठी बघून लॉरी भरली जाते. त्या दिवशी लॉऱ्या फाटकाशी उभ्या, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि चिठ्ठी एकही नाही.

कामतसाहेबांनी रांग बघायचा स्क्रीन उघडला. रांग रिकामी.

"ऑर्डरी भरल्याच नाहीत हिने," साहेब म्हणाले.

"मी पाठवल्यात ओ सर, सगळ्या पाठवल्यात," सविता म्हणाली.

"मग रांगेत दिसायला नकोत? तुझ्या डोळ्यांनी बघ!"

बघायला सगळं ऑफिस जमलं होतं. साहेबांनी मला हुकूम सोडले: सविताला कायम करत नाही असं कळवायचं पत्र तयार करा, आणि त्याआधी तिच्याकडून सगळ्या ऑर्डरी पुन्हा भरून घ्या. मी दोन्ही कामं कागदावर उतरवली. मान वर केली तर दारात हळर्णकर, चौकटीला हात लावून.

"पुन्हा भरायच्या नाहीत. पहिल्या हरवलेल्या नाहीत. माल दुप्पट जाईल."

"मग आहेत कुठे त्या?"

"कुणीतरी उचलून ठेवल्यात. चला साहेब, कँटीनमध्ये."

"लॉऱ्या उभ्या आहेत आणि तुम्हाला चहा सुचतोय?"

हळर्णकरांनी साहेबांना खरोखरच दंडाला धरून नेलं. मागून आम्ही. कँटीनमध्ये पाव-भाजीची वेळ होती. टोपली रिकामी होती आणि प्रभाकर आपल्या ताटामागून जेमतेम दिसत होता.

"टोपली बघा साहेब. काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे आज पोदेर आलाच नाही?"

"आला की. याच्या ताटात काय आहेत मग?"

"हां! ताटात आहेत, पोटात नाहीत. याने खाल्ले नाहीत, दुसऱ्याला मिळत नाहीत, आणि टोपली बघणारा म्हणतो की पोदेर आलाच नाही. तुमचा स्क्रीन नुसती टोपली दाखवतो साहेब. ताट दाखवत नाही."

प्रभाकर भरल्या तोंडाने म्हणाला, "मी काय केलं?"

"काही नाही. तू खा."

साहेबांना पटलं असावं. पण साहेबांना एवढ्या लोकांसमोर लगेच पटून चालत नाही. "आणि नसल्या ऑर्डरी तर?"

"तर सविताच्या पत्राबरोबर माझा राजीनामाही टाइप करा, बाई," हळर्णकर मला म्हणाले. "पोचलं?"

मी 'पोचलं' म्हटलं. पण ते काम कागदावर उतरवलं नाही. या माणसाच्या निवृत्तीला अगदी थोडा काळ उरला होता.

गोदामात गेलो. पहिल्या प्रोग्रॅमच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. त्या प्रोग्रॅमला एकदम ढीगभर ऑर्डरी उचलायची मुभा दिलेली. त्याने सकाळी सगळ्या आपल्याकडे ओढल्या आणि अडकलेल्या कागदापाशी बसून राहिला. शेजारचा दुसरा प्रोग्रॅम चांगला धडधाकट, पण त्याला उचलायला काही उरलंच नव्हतं. हळर्णकरांनी दुसरा स्क्रीन उघडून दाखवला: उचललेल्या पण अजून पोच न दिलेल्या ऑर्डरी. मग त्यांनी पहिला प्रोग्रॅम बंद केला. तो बंद होताच त्याने धरून ठेवलेलं सगळं रांगेत परत आलं. साहेबांच्या स्क्रीनवर एकाखाली एक ऑर्डरी दिसायला लागल्या आणि दुसरा प्रिंटर खडखडू लागला.

"आता दोघांनाही एकेकच उचलायला सांगितलंय," ते म्हणाले. "एक उचल, छाप, पोच दे, मग दुसरी घे."

सगळे पांगले. साहेब केबिनमध्ये गेले. हळर्णकर त्यांच्या दारात उभे.

"आता काय हो?"

"ती म्हणत होती पाठवल्यात. पाठवल्या होत्या. हे तिला सांगायला हवं. बोललात सगळ्यांसमोर, तेव्हा हेही सगळ्यांसमोर."

साहेब बराच वेळ कागद चाळत बसले. मग बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सविता, तुझी चूक नव्हती." मी माझ्या कागदावरचं पत्राचं काम खोडलं.

दुपारी मी हळर्णकरांना विचारलं, की एका नव्या मुलीसाठी स्वतःची नोकरी का टांगणीला लावलीत? ते डबा धूत होते. नळ बंद करून म्हणाले, "आमच्या विनायकासाठी."

विनायक त्यांचा धाकटा भाऊ. हळर्णकर तरुणपणी फोंड्याला खोली घेऊन नोकरी करत. गावी, हळर्णला, वडील अत्यवस्थ झाले, तेव्हा विनायकाने फोंड्याच्या बसच्या कंडक्टरला निरोप सांगितला, "दादाला म्हणावं, लगेच ये." कंडक्टर भला माणूस. गावोगावचे निरोप कागदावर उतरवून खिशात टाकायचा आणि ड्यूटी संपल्यावर सगळे एकदम पोचवायचा. त्या दिवशी वाटेत बस बिघडली. हळर्णकरांना भलत्याच माणसाकडून कळलं आणि ते पोचले तेव्हा स्मशानातून लोक परत येत होते.

"अंगणात सगळा गाव होता," ते म्हणाले. "मी ओरडलो, तू निरोप धाडलाच नाहीस! तो म्हणत होता, धाडला रे दादा, धाडला. मी ऐकलं नाही. दहाव्याला कंडक्टर येऊन रडला. तेव्हा मी विनायकाची माफी मागितली. घरात, दार लावून. बोललो होतो मात्र गावासमोर."

विनायक धारगळला निघून गेला. हायवेवर त्याचं पाइप आणि पंपांचं दुकान आहे. हळर्णकर दिसले की तो आत माल बघायला जातो. दर चवथीला, गणपतीच्या सजावटीच्या वेळी, हळर्णकर त्याच्या मोबाइलवर लिहितात, "माटोळी बांधतोय. ये." उत्तर येत नाही.

"हरवला नाही निरोप," ते म्हणाले. "त्याच्यापाशी आहे. पोच द्यायची राहिलीय."

चवथीच्या चौथ्या दिवशी मी त्यांच्या हळर्णच्या घरी गेले. देव त्यांच्याकडे पाच दिवस असतो. गणपतीवर टांगलेली माटोळी फळाभाज्यांनी गच्च भरली होती. एका कोपऱ्यात मात्र नुसतीच दोरी लोंबत होती. मला अशी राहिलेली कामं लगेच दिसतात. हळर्णकरवहिनींनी हळूच सांगितलं, "सुपारीचा घड विनायकभावजी बांधायचे."

निघताना मी म्हटलं, की पेडण्याला नणंदेकडे जातेय, धारगळवरून. हळर्णकर आत गेले आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन आले. डबा त्यांच्या हातातून लवकर सुटेना.

"माझ्या पर्सलाही खिसे आहेत हं," मी म्हटलं.

"म्हणून तर भीती वाटते," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी डबा सोडला.

धारगळच्या दुकानात विनायक काउंटरमागे होते, चेहरा हळर्णकरांच्याच साच्यातला. मी डबा काउंटरवर ठेवला. "हळर्णहून आणलाय. तुमच्या दादांनी दिलाय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "ठेवा."

मी उभी राहिले. एक गिऱ्हाईक आलं, नळ घेऊन गेलं. मी तिथेच.

"आणखी काही हवंय?"

"नाही," मी म्हटलं. "हळर्णकरांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. ऐकल्याशिवाय निघता येत नाही."

विनायकांनी डबा जवळ ओढला, झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोचलं म्हणून सांगा त्याला."

मी गाडीत बसले आणि आधी फोन लावला. "हळर्णकर, डबा दिला. ते म्हणाले, पोचलं."

पलीकडून आवाज आला नाही. घरातल्या झांजा तेवढ्या ऐकू येत होत्या. सगळ्यांकडून 'पोचलं' वदवून घेणारा माणूस, आणि आज त्याच्या स्वतःच्या तोंडून ते निघत नव्हतं. मी फोन कानाशी धरून तशीच थांबले.