आडव्या अर्जदाराची हयाती

मारोतराव जिवंत होते. घरात याबद्दल कोणाला शंका नव्हती. सकाळीच त्यांनी तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट मागून घेतली होती. शंका होती ती खात्याला. पेन्शनवाल्याने दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन बंद. यंदा तो मोबाइलवरच्या अॅपमधून फोटो काढून द्यायचा होता. मारोतरावांनी टोपी घातली, ताठ उभे राहिले, फोटो काढला. वर पोचला तो आडवा. लगोलग उत्तर आलं: ‘अर्जदार आडवा. डोळे उघडे. सबब मृत. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत समक्ष कळवावी.’

शुक्रवारी मृत मारोतराव बायकोला, प्रेमलताबाईंना, घेऊन कार्यालयात हजर झाले. खिडकीवरच्या श्रीधरबाबूंनी फाइल पाहिली, मग माणूस पाहिला.

"काका, माझ्या मोबाइलवर तुम्ही उभे आहात. साहेबाच्या टॅबवर उलटे लटकून राहिले. मुख्यालयात आडवे. आम्ही मुख्यालयाचं धरतो."

"अरे, पण मी तुह्यासमोर उभा आहो ना गा."

"तेच तर अॅपले दिसून नाही राहिलं."

फोन आडवा धरून पाहिला, तर चित्रही सोबत फिरलं. फिरणं बंद केलं, तर अॅपच बंद पडलं. अॅप सरळ करायला सात सह्या लागतात, माणूस आडवा करायला एकही लागत नाही, असं श्रीधरबाबूंनी समजावलं आणि मारोतरावांना व्हरांड्यातल्या बाकावर कुशीवर निजवलं. रीतीप्रमाणे डोकं दक्षिणेला. फोटो काढला. शेरा आला: ‘अर्जदार उलटा.’

मग उरली उत्तर. बाक तर भिंतीला ठोकलेला.

प्रेमलताबाई पुढे आल्या. "उत्तरेले डोकं करून मुडदा ठेवतात, बाबू. जित्या माणसाले कोणी निजवते काय?"

"जिता आहे हे दाखवायचं असंन, तर तसंच निजा लागते, काकू."

बाईंनी तोंडावर पदर घेऊन पाठ फिरवली. मारोतरावांनी उत्तरेला डोकं केलं. हिरवी खूण उमटली: ‘अर्जदार उभा. हयात.’

बातमी सावनेर, कळमेश्वरपर्यंत गेली. आठवड्याभरात व्हरांड्यात चाळीस म्हातारे फरशीवर ओळीनं, उत्तरेला डोकी करून. लांबून अपघात वाटायचा, जवळून कार्यालय. खात्यानं कळवलं की तक्रारी शून्यावर आल्या. आणि नव्यांना कोणत्या कुशीवर निजायचं ते दाखवायला मारोतराव स्वतः रोज यायला लागले, इस्त्रीचा शर्ट घालून. मान मिळायचा.

एके दिवशी मीराबाई नावाच्या निवृत्त मास्तरीण आल्या. निजल्या नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही लोक ते अॅपच काहून सरळ करत नाही गा?"

श्रीधरबाबूंना तोंड उघडावंच लागलं नाही.

"बाई," मारोतराव करड्या आवाजात म्हणाले, "काहून उभ्या राहून राहिल्या? लाइन अडली."

फरशीवरून चाळीस माना हलल्या.

आता तुम्ही तिथे असता, तर काही न विचारता थोडेच राहिला असता? विचारलंच असतं, ठणकावून: सतरंजी घरून आणायची, की इथेच मिळते?