सतरा नंबरच्या रस्त्याची पाटी

आमच्या काउंटीचा रस्ता क्रमांक सतरा राज्य महामार्गाला जिथे मिळतो, तिथे पाटी नाही. ही बाब आर्डिस टॉर्गर्सनने काउंटीच्या सभेत मांडली, तेव्हा सभेने तिची रीतसर नोंद घेतली. तिचा नवरा व्हर्नन हृदयविकाराचा रुग्ण. जानेवारीत त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा अँब्युलन्स वळण चुकून चाळीस मिनिटं बीटच्या शेतांमधून हिंडत राहिली. व्हर्नन वाचला तो निव्वळ हट्टी स्वभावामुळे.

"पाटीला कुणाची ना नाही," रस्ते अभियंता डुएन ब्रेके म्हणाला. "पण आर्डिस, नंबर आमचा असला तरी खांब रोवायची जमीन राज्याची. त्यांची परवानगी आण."

राज्याने कळवलं की परवानगी तत्काळ मिळेल. मात्र परक्या माणसांना या वळणाची गरज आहे, हे आकड्यांनी सिद्ध व्हावं. मग वळणावर एका निवृत्त पोस्टमनला खुर्ची टाकून बसवलं. त्याला प्रत्येक गाडी कुणाची ते माहीत. महिनाभरात एकही परका तिकडे वळला नाही. पाटीच नव्हती, तर वळणार कसा? अहवालात नोंद झाली: मागणी शून्य.

आर्डिसने पुन्हा अर्ज केला. आता असं निघालं, की शेजारच्या काउंटीचाही एक सतरा नंबर अकरा मैलांवर याच महामार्गाला मिळतो. दोन सतरांमुळे घोळ होईल, म्हणून आधी आपला नंबर बदला. नंबर बदलायचा तर जनसुनावणी हवी.

जनसुनावणीला आम्ही झाडून सगळे गेलो. लायल स्टेन्सरुड टोपी काढून उभा राहिला.

"नंबर हवाय कुणाला? हेल्गेसनचं कोठार होतं तिथे डावीकडे वळायचं. एवढं ज्याला कळत नाही, त्याचं इथे काम काय?"

"लायल, ते कोठार जळून चाळीस वर्षं झाली," आर्डिस म्हणाली. "अँब्युलन्स चालवणारी मुलगी पंचवीसची आहे."

"मग तिने विचारावं की. तोंड दिलंय ना देवाने?"

सभागृह हसलं. ठराव झाला: नंबर तोच राहील, पाटीचा विषय अभ्यासासाठी पुढे ढकलावा. मीही हात वर केला. आर्डिस माझी सख्खी शेजारीण, पण हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ लायलच काढतो. मला लाज वाटली, पण हात खाली आला नाही.

ऑक्टोबरात व्हर्ननला दुसरा झटका आला. त्या मुलीने खरंच विचारलं. पेट्रोल पंपावर लायल कॉफी पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवून मनापासून रस्ता सांगितला. ती कोठार शोधत निघाली. पाच मैल पुढे तिला एक छान लाल, भक्कम कोठार दिसलं, आणि ती डावीकडे वळली.

व्हर्ननला सतरा नंबरवरच्याच चर्चच्या आवारात पुरलं. त्रेसष्ट गाड्या आल्या, साऱ्या वेळेवर. नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड होतं.

"बघा," लायल हळू आवाजात म्हणाला, "एक गाडी चुकली नाही. उगाच पाटी पाटी चाललं होतं."

आर्डिस दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने ऐकलं आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही माना डोलावल्या. तोंडात घास असताना तुम्ही तरी दुसरं काय केलं असतं?